दाराबाहेरचे तीनशे

रणकेतू मला पहिल्या पानापासून आवडला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ज्योतीरामनं लपवलं. 'काजळकोट' नावाची सात भागांची कादंबरी आहे, एकेक भाग विटेएवढा जाड. त्यात जादू आहे, धुराचं सैन्य आहे, बोलणारे गरुड आहेत आणि या सगळ्यात रणकेतू नावाचा किल्लेदार आहे. तो फार बोलत नाही. ठरवतो आणि करतो. मला घोळ घालणारी माणसं मुळातच आवडत नाहीत, आणि लाइन लीडर झाल्यापासून तर अजिबात नाहीत.

आमची कंपनी कुरुळीच्या पुढं, चाकणच्या पट्ट्यात. गाड्यांच्या दारांचे पत्रे प्रेसखाली दाबून आकाराला आणायचे, हे आमचं काम. पहिली पाळी साडेतीनला सुटली की बस आम्हाला घेऊन काळेवाडीला निघायची. चाकणचा रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, मोशीपर्यंत यायलाच तास जायचा. सुरुवातीला मी एकटाच वाचायचो. शेजारी बसणाऱ्या रंगरावकाकांना राहवेना. ते मोशीचे, जुन्या गावकीतले, आमच्याकडं फोर्कलिफ्ट चालवायचे. एक दिवस म्हणाले, "एकलाच काय गालात हसतुयास? आमाला बी सांग की." मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरचा प्रज्वल पुढं येऊन बसला, तिसऱ्या दिवशी क्वालिटीची रुपाली. माझा आवाज खणखणीत आहे, गावाकडं गणपतीतल्या नाटकात राजा मीच असायचो. महिन्याभरात अर्धी बस ऐकायला लागली आणि ड्रायव्हरनं गाणी बंद केली.

धम्मरत्न सगळ्यात शेवटी आला. तो माझ्याच लाइनवर प्रेस चालवायचा आणि काळेवाडीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. वाचन त्याचं माझ्यापेक्षा दांडगं. वडील साहेबराव पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, घर दोन खोल्यांचं, त्यातली एक भिंत पुस्तकांची. बसमध्ये तो खिडकीशी बसून डोळे मिटून ऐकायचा. वाटायचं, झोपला. मग प्रकरण संपलं की डोळे न उघडताच एखादा प्रश्न टाकायचा आणि पुढचा अर्धा तास आमची तोंडं बंद व्हायची नाहीत.

मोठं भांडण तिसऱ्या भागात झालं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. धुराच्या सैन्याची खोड अशी की ते ज्याला मारतं त्याचं रूप घेतं. काजळकोटातली तीनशे माणसं रानात धान्य आणायला गेलेली असतात. संध्याकाळी ती पळत परत येताना दिसतात, मागं धूर. रणकेतू तटावर उभा. येणारी माणसं आपली की धुरानं घेतलेली रूपं, कळायला मार्ग नाही. त्यात त्याचा सख्खा धाकटा भाऊ. रणकेतू तटावरच्या सगळ्यांना विचारतो, दार लावायचं का. सगळे हात वर करतात. तो दार लावतो. भाऊ बाहेरून दार ठोकत राहतो, मग ठोकणं थांबतं. दुसऱ्या दिवशी कळतं, तीनशेच्या तीनशे माणसं खरी होती.

रुपालीनं ओढणीनं डोळे पुसले.

"बरोबर केलं त्यानं," मी पुस्तक मिटत म्हणालो. "आत वीस हजार माणसं होती. तीनशेसाठी वीस हजार घालवायची का?"

"न्हाई तर काय," रंगरावकाका म्हणाले. "किल्ला राखायचा म्हंजी काळीज दगडाचं लागतंय बाबा."

रुपालीचं म्हणणं वेगळं होतं. तिनं रणकेतूचं कुणीतरी काढलेलं चित्र मोबाइलवर लावून ठेवलं होतं. वाढलेली दाढी, खांद्यावर फाटकी शाल, एक डोळा पांढरा. "चुकला असेल हो दादा," ती मला म्हणाली, "पण त्यानंतर सात दिवस त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. असा माणूस वाईट कसा असेल? आमच्याकडचे पुरुष चुका करतात आणि वर दोन चपात्या जास्त खातात."

सगळे हसले. धम्मरत्ननं डोळे उघडले.

"तो जेवत नाही हे चार पानं लिहिलंय," तो म्हणाला. "बाहेरच्या तीनशेंना किती ओळी दिल्यात, मोज. लेखक ज्याच्या शेजारी आपल्याला उभं करतो, तो आपल्याला आवडतो. त्याचं रडणं दिसतं म्हणून आपण त्याला माफ करतो. बाहेर काय चाललं होतं ते आपल्याला दाखवलंच नाही."

"दाखवलं की. भाऊ दार ठोकतो."

"ते आतून जेवढं ऐकू येतं तेवढंच."

प्रज्वल वैतागला. तो चोवीसचा, धम्मरत्नच्या शेजारच्या प्रेसवर, त्याला लढाया हव्या असायच्या. "मग तू काय केलं असतं भावा? दार उघडं ठेवलं असतं?"

"मला नाही माहीत. पण मत कुणाचं घेतलं? तटावरच्यांचं. मरायचं होतं बाहेरच्यांना. त्यांना कुणी विचारलं?"

"पळत येणाऱ्यांकडून काय फॉर्म भरून घ्यायचा?" मी म्हणालो, आणि बस परत हसली.

तो हसला नाही. चिडलाही नाही. "माझा आजा गावाच्या वेशीबाहेर राहायचा," तो म्हणाला. "त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. आतल्यांचं बहुमत होतं. त्यामुळं दार आतून कसं दिसतं ते मला नीट समजत नाही, ज्योतीराम. ते तुम्ही सांगा."

रंगरावकाका खिडकीबाहेर बघत बसले. मला राग आला, खरं सांगतो. गोष्टीतलं गोष्टीत ठेवावं, हे मधेच कुठलं उकरून काढलं, असं वाटलं. मग मी तोडगा काढला. म्हटलं, वाद कशाला, मतदान घेऊ. रणकेतू बरोबर म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बसभर हात वर झाले. चूक म्हणणाऱ्यांनी? एकटा धम्मरत्न.

"पडलास," मी म्हणालो.

"पडलो," तो म्हणाला, आणि परत डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून ती पद्धतच पडली. चौथ्या भागात राणी आपल्याच मुलाला विष देते, त्यावर मतदान. पाचव्यात गरुड शब्द मोडतात, त्यावर मतदान. आणि हळूहळू बसमधली सवय आमच्याबरोबर खाली उतरली. रविवारी ओव्हरटाइम घ्यायचा की नको, नवा पंखा कुठल्या मशीनवर लावायचा, चहाची सुट्टी आधी की नंतर, सगळं आम्ही लाइनवर हात वर करून ठरवायला लागलो. साहेब लोकांना कौतुक. ज्योतीरामच्या लाइनवर कटकट नसते, म्हणायचे. माझी छाती फुगायची. धम्मरत्न बहुतेक वेळा हरायचा, आणि हरला की मुकाट्यानं कामाला लागायचा. ठरलं ते ठरलं, असं मानणारा माणूस. त्याच्या या गुणावर माझी लाइन चालत होती हे मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

आमच्या अडीचशे टनी प्रेसला एक खोड होती. बटणं एकदा दाबली तरी कधीमधी ती दोनदा खाली यायची. म्हणून तिच्या तोंडाशी सेन्सर होता. माणसाचा हात आत असला की सेन्सर मशीन खाली येऊ द्यायचा नाही. पण त्याच्यावर तेलाचा थर बसला की तो हात नसतानाही मशीन अडवायचा. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी दर दहा-बारा नगांमागं मशीन थांबत होतं. मेंटेनन्सचा माणूस दुसऱ्या शेडमध्ये अडकला होता. गेटवर ट्रक उभा आणि दोनशे नग कमी. सेन्सर बंद करायची एक किल्ली असते. ती माझ्या खिशात असायची. ती वापरू नये अशी पाटी पॅनलवरच लावलेली होती आणि त्या पाटीखाली मी ती आधीही तीन-चारदा फिरवली होती.

मी चौघांना जवळ बोलावलं. धम्मरत्न, प्रज्वल, रुपाली आणि ट्रक भरायला थांबलेले रंगरावकाका.

"दोनशे नगांपुरता सेन्सर बंद करतो," मी म्हणालो. "नाहीतर रविवार गेला समजा सगळ्यांचा. हात वर करा."

प्रज्वलला रविवारी मुलगी बघायला जायचं होतं, त्याचा हात पहिला. काकांचा दुसरा. रुपालीनं मशीनकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, मग तिचाही. मी माझा केला. धम्मरत्नचा खालीच होता.

"मशीनवर उभा मी राहणार आहे," तो म्हणाला.

"चारास एक. पडलास भावा," मी म्हणालो. सगळे हसले. तोही थोडा हसला. मग हातमोजे चढवून जागेवर गेला, आणि मी किल्ली फिरवली. तो नाही म्हणू शकला असता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय.

एकशे साठावा नग असेल, नाहीतर सत्तरावा. मी बोर्डावर तासाचा आकडा लिहीत होतो. प्रेस खाली आल्याचा आवाज आला आणि लगेच दुसरा आला. दुसरा आवाज वेगळा होता. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. तो ओरडला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पॅनलकडं, आणि मग पाय वाकून खाली बसला. काकांनी त्याला मागून धरलं. रुपाली धावत फोन करायला गेली.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी एकच काम केलं. किल्ली उलटी फिरवली, काढली आणि खिशात टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. डोकं एकदम थंड झालं होतं माझं, आणि त्या वेळी मला त्याचं बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्लांट हेडच्या केबिनमध्ये मला खुर्ची दिली, चहा दिला. एरवी आम्ही तिथं उभ्यानं बोलतो. साहेब शांतपणे म्हणाले, "सेन्सर कुणी बंद केला ते नीट आठवून लिहा. लीडरनं केला असेल तर कंपनीनं केला असा त्याचा अर्थ होतो. मग सरकारी इन्स्पेक्टर येणार, शेडला कुलूप लागणार, ग्राहक काम दुसरीकडं नेणार. चाळीस माणसं आहेत त्या शेडमध्ये. ऑपरेटरनं घाईघाईत स्वतःच केला असेल तर गोष्ट वेगळी."

"त्याच्या नोकरीचं काय होईल मग?" मी विचारलं.

"नियम त्यानं मोडला असेल तर ठेवता येणार नाही. आमच्याकडून चूक असती तर बसून करायचं काम देणं भाग होतं. उपचाराचं सगळं आम्ही बघूच, त्याची काळजी नको." साहेबांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला. "उद्यापर्यंत द्या. तिथं हजर होते त्या सगळ्यांची निवेदनं लागतील, आणि ती जुळली पाहिजेत."

म्हणजे हिशेब अगदी उघडा होता. आम्ही खरं लिहिलं तर धम्मरत्नला खुर्चीवरचं काम मिळेल आणि मी जाईन. खोटं लिहिलं तर तो जाईल, तेही स्वतःच्या चुकीनं हात घालवलेला माणूस म्हणून, आणि अशा माणसाला या पट्ट्यात दुसरं कोण ठेवणार. पण चाळीस माणसं हा शब्द ऐकला आणि मला हायसं वाटलं, हेही सांगतो. माझ्या एकट्यासाठी खोटं बोलणं जड गेलं असतं. चाळीसांसाठी म्हटल्यावर ते हलकं झालं.

त्या दिवशी बसमध्ये वाचन नव्हतं. खिडकीशी त्याची जागा रिकामी होती आणि गर्दी असूनही तिथं कुणी बसलं नव्हतं. मी तिघांना हळू आवाजात सगळं सांगितलं.

रुपाली म्हणाली, "पण किल्ली तुम्ही फिरवलीत ना दादा."

"आणि हात कुणी वर केले होते?" मी म्हणालो. मी ते बोलायला नको होतं, पण ते कामाला आलं.

"आरं, त्यो बिचारा आता मशीनीवर तर येत न्हाई," रंगरावकाका म्हणाले. रिटायरमेंटला त्यांना सात महिने उरले होते. "जायाचं त्ये गेलं. त्याच्यापायी चाळीस घरं कशाला बुडवायची? त्याला आपण समदी मिळून कायतरी मदत करू की. मी पयला देतो."

"घ्या मग मतदान," प्रज्वल म्हणाला. तो कुणाकडंच बघत नव्हता. "काय ते एकदाचं ठरवून टाका."

मतदान झालं. आवाज न करता, सीटच्या पाठीपेक्षा उंच जाणार नाहीत एवढेच हात वर झाले. रुपाली रडत होती आणि हात वर करून होती. तिचा हात खाली येईपर्यंत मी बघत राहिलो. मग मी तिघांना एकच वाक्य सांगितलं आणि त्यांनी ते मोबाइलवर टिपून घेतलं. 'सदर कामगाराने कोणालाही न सांगता पॅनलची किल्ली घेऊन सेन्सर बंद केला.' उतरताना प्रज्वल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "टेन्शन घेऊ नको भावा, तुझ्या जागी कुणीही हेच केलं असतं." मनापासून म्हणाला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

धम्मरत्नला भेटायला मी अकरा दिवस गेलो नाही. दवाखान्यात गर्दी नको, घरी आल्यावर जाऊ, घरी आल्यावर जरा आराम पडू दे, असं करत राहिलो. दोन गल्ल्या ओलांडायला माणसाला किती कारणं लागतात ते मला तेव्हा कळलं. भाजी आणायलाही मी लांबच्या रस्त्यानं जायला लागलो. बायको दोनदा म्हणाली, "धम्मरत्नभाऊंची बायको भेटली होती दुकानात, मैत्री, तुमचं विचारत होती." मी म्हटलं जातो. शेवटी एका रविवारी सकाळी त्याचाच फोन आला.

"ये की," तो म्हणाला. "काम आहे थोडं."

घरी तो एकटाच होता. साहेबराव आणि त्याची आई कस्तुराकाकू विहारात वंदनेला गेले होते, त्याची मुलगी त्यांच्याबरोबर. मैत्री वाकडला एका ऑफिसात फोनवर बोलायचं काम करते, तिला रविवार नसतो. उजवा हात मनगटापासून पांढऱ्या पट्टीत होता. मी तिकडं बघायचं टाळत होतो आणि ते त्याला दिसत होतं.

"चहा तू कर," तो म्हणाला. "साखर वरच्या फळीवर. मला एका हातानं जमत नाही अजून."

मी त्याच्या स्वयंपाकघरात चहा केला. दूध कुठं असतं, गाळणी कुठं असते, मला माहीत होतं. दोन कप घेऊन बाहेर आलो तर त्यानं टेबलावर कंपनीचं पाकीट ठेवलं होतं. नोटीस होती, आणि तिच्यामागं आमची चार निवेदनं टाचलेली.

"चारही एकाच वाक्यानं सुरू होतात," तो म्हणाला. "वाक्य तुझं आहे. सदर कामगार म्हणून तूच लिहितोस."

"हो."

"मतदान घेतलंस?"

"घेतलं."

"माझ्या बाजूनं किती?"

मी मान हलवली. त्यानं चहाचा घोट घेतला. "मी असतो तर एक पडलं असतं," तो म्हणाला, आणि क्षणभर तो बसमधलाच धम्मरत्न होता.

मग मी बोलायला लागलो. इन्स्पेक्टर, कुलूप, चाळीस माणसं, काकांचे सात महिने, माझ्या दोन पोरी, गावाकडं अंथरुणाला खिळलेली आई. एकातून एक निघत गेलं. बोलता बोलता मला रडू फुटलं. खोटं नव्हतं ते. त्या अकरा दिवसांत मला एक घास गोड लागला नव्हता.

"रडू नकोस राव," तो म्हणाला. "तू रडलास की मला तुझी दया येते, आणि मग माझं राहून जातं."

मी तोंड पुसलं.

"रणकेतूला मी राक्षस कधी म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "तुम्हाला तसं वाटायचं. कदाचित मीही दार लावलं असतं. पण सातही भाग वाचले मी, तुझ्या आधी. तो एकदाही कुणापुढं उभा राहून सांगत नाही की दार मी लावलं. कुणी विचारलं की तटावरच्या हातांचं सांगतो. एवढंच मला खटकायचं. तेवढं म्हणाला असता तर मी पण हात वर केला असता त्याच्यासाठी."

त्यानं ड्रॉवरमधून कोरे कागद काढले आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. "इन्स्पेक्टरला अर्ज द्यायचाय. मैत्री लिहून देते म्हणाली. मी म्हटलं, ज्योतीराम लिहील. त्याचं अक्षर चांगलं आहे आणि काय झालं ते त्याला ठाऊक आहे."

मी उठून जायला हवं होतं, किंवा सरळ नाही म्हणायला हवं होतं. मी पेन उचललं. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. त्याचं नाव, बिल्ला नंबर, तारीख, पाळी. मशीन दोनदा खाली येतं याची तोंडी तक्रार त्यानं माझ्याकडं कधी कधी केली होती, त्या तारखा. त्या त्याला पाठ होत्या. मी विसरलो होतो. पहिलं पान भरलं. दुसऱ्या पानावर त्या सकाळची गोष्ट आली, आणि तो थांबला असताना मी आपणहून लिहिलं, 'सर्वांच्या संमतीने सेन्सर बंद करण्यात आला.'

त्यानं ते वाचलं. "मी संमती दिली नव्हती," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "खोड ते. सर्वांचं नको. किल्ली ज्यानं फिरवली त्याचं नाव लिही."

मी ओळ खोडली. खाली नवी सुरुवात केली, 'त्या वेळी पॅनलची किल्ली', आणि पेन थांबलं. मी थांबवलं म्हणणं खरं. मला भीती वाटत होती, दुसरं काही नव्हतं. तोपर्यंत चाळीस माणसं डोक्यातून निघून गेली होती. उरलो होतो मी, माझी नोकरी, पोरींच्या शाळेच्या गेटवर माझ्याकडं बघणारे लोक. बाहेर गल्लीत कुणीतरी पाण्याचा पंप चालू केला. चहावर साय धरली.

"लिही," तो म्हणाला.

"जमत नाही भावा."

"थांबतो मी."

तो थांबला. खरंच थांबला, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी त्या अर्ध्या ओळीकडं बघत बसलो. मग त्यानं माझ्या बोटांतून पेन हळूच काढून घेतलं, डाव्या हातात, लहान पोर धरतं तसं मुठीत धरलं, आणि कागद स्वतःकडं ओढला.

त्या हातानं त्यानं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. पहिलं अक्षर ओळीच्या खाली घसरलं. कागद गुळगुळीत टेबलावर फिरत होता आणि पट्टीतला हात टेकवला की त्याचा चेहरा पांढरा पडत होता, म्हणून तो हात त्यानं मांडीवर ठेवला. त्यामुळं कागद आणखीच सरकायला लागला. दोनदा अक्षर मोडलं. तो न बोलता परत सुरू करत होता. माझं नाव लांब आहे.

मी पुढं वाकलो आणि त्याचं लिहून होईपर्यंत तो कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला.